सात गुणिले अंतर अधिक सहा

माझे सासरे एका कारखान्यात टाइमकीपर होते. तेहतीस वर्षं ते गेटाशेजारच्या केबिनमध्ये बसले आणि कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं हे लिहीत राहिले. दोन मिनिटं उशीर झाला तरी लाल शाई. स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याचा अर्धा दिवस त्यांनी कापला होता, तेही त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. निवृत्त झाल्यावर ही नजर फिरवायला त्यांच्याकडे उरलो आम्ही तिघं. त्यातला माझा नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणार. म्हणजे सगळा भार सासूबाईंवर आणि माझ्यावर.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी धावायला सुरुवात केली. सकाळी बरोबर सहाला दारातल्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे, चष्मा काढून फ्रिजवर ठेवायचे (धावताना तो नाकावरून घसरतो म्हणून) आणि जाता जाता आकडा जाहीर करायचे.

"आज सहा!"

म्हणजे सहा किलोमीटर. दार बंद. घर एकदम मोठं वाटायला लागायचं.

एका सकाळी असंच "आज आठ!" झालं आणि दार लागलं. मी स्वयंपाकघरात नववीच्या वह्या तपासत होते. माझी शाळा दुपारची. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अगं, गाडी चालवायला शिकायला किती दिवस लागतात?"

"कोणाला?"

"मला गं. अजून कोणाला?"

गाडी म्हणजे बाबांची, माझ्या सासऱ्यांची गाडी. अकरा वर्षांची, पण काल शोरूममधून आणल्यासारखी. तिच्यावर आच्छादन, आच्छादनावर दोरी, दोरीला त्यांची खास गाठ. दर शनिवारी ती बाहेर निघायची, बाजारहाट करून परत यायची. मला लायसन्स असूनही त्या गाडीत माझी जागा मागची. आणि सासूबाईंनी चालवण्याचा विषय काढला की ते एकच सांगायचे, "ते तुझं काम नाही." त्या दोघांचं लग्न झालं त्या वर्षी आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बाबांची स्कूटर एका भाजीच्या गाडीवर घातली होती. त्या गोष्टीला अडतीस वर्षं झाली होती, पण आमच्या घरात लाल शाई पुसली जात नाही.

"ताईकडे जायचंय मला," आई म्हणाल्या. "पुलापलीकडे राहते, बारा किलोमीटर. दर वेळी हेच विचारते, तुला कोण आणणार? कोण सोडणार? मला एकदा आपलं आपण जायचंय. दार वाजवायचंय आणि चावी बोटात फिरवत उभं राहायचंय."

बोटात चावी फिरवायची हौस असलेल्या बाईला नाही कसं म्हणणार?

शिकाऊ परवाना काढायला दोन दिवस गेले. घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय. त्या दोन्ही दिवशी आईंनी जेवताना एकाच बाजूने चावायची खबरदारी घेतली. खरा प्रश्न वेगळाच होता. बाबा परत किती वाजता येतात?

आता गणिताची बाई घरात असताना असल्या प्रश्नाला देवावर कोण सोडणार? आलेखाची वही काढली. आडव्या रेषेवर अंतर, उभ्या रेषेवर वेळ. बाबा निघाले की मी घड्याळ बघायची, आले की पुन्हा बघायची. चार किलोमीटरला चौतीस मिनिटं. सहाला अठ्ठेचाळीस. आठला बासष्ट. दहाला शहात्तर. दर दोन किलोमीटरला चौदा मिनिटं वाढत होती, म्हणजे एका किलोमीटरला सात. पण चार साते अठ्ठावीस, मग चौतीस कुठून? वरची सहा मिनिटं प्रत्येक वेळी तशीच उरत होती, अंतर काहीही असो.

"हे सहा कसले?" आईंनी विचारलं.

"धावण्याआधी फाटकाशी हातपाय हलवतात ना, ते. चार धावा नाहीतर दहा, ती सहा मिनिटं लागणारच."

"म्हणजे सात गुणिले किलोमीटर, अधिक सहा."

"आई, तुम्ही माझ्या वर्गात हव्या होत्या."

पट्टी लावून ठिपके जोडले. एकही ठिपका रेघेबाहेर नाही! मला इतका अभिमान वाटला की तो आलेख मी "एका धावपटूची आकडेवारी" म्हणून वर्गातही नेला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हे खरं वाटत नाही. खऱ्या माणसाचे ठिपके थोडे तरी इकडेतिकडे असतात. एखाद्या दिवशी पोट दुखतं, एखाद्या दिवशी कुत्रं मागे लागतं." मी तिला म्हटलं, काही माणसं फार शिस्तीची असतात, बस खाली.

आणि आमचे वर्ग सुरू झाले.

बाबांचा आकडा कानावर पडला की आई तोंडी हिशेब करायच्या. "सहा म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यातून पंधरा वजा." ती पंधरा मिनिटं पुरावा नष्ट करायची. सीट पुढे ओढावी लागायची, कारण आईंचे पाय ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत; परत किती मागे ढकलायची त्याची खूण मी नेलपॉलिशच्या एका ठिपक्याने करून ठेवली होती. पाठीमागे उशी. आरसा पूर्ववत. आच्छादन, दोरी, आणि ती खास गाठ, जी शिकायला मला क्लच शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. इंजिनाचं झाकण गरम राहायचं, त्यावर उपाय म्हणून आई ओल्या फडक्याने गाडी पुसत उभ्या राहायच्या. बाबा घामाघूम होऊन फाटकातून आत यायचे आणि खूश व्हायचे.

"आता कशी गाडीची किंमत कळली!"

"हो ना," आई मान खाली घालून म्हणायच्या. इतका साळसूद चेहरा मी जन्मात पाहिला नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. गाडी बेडकासारख्या उड्या मारायची आणि बंद पडायची, आई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी असं धरायच्या की जणू ते कोणी पळवून नेणार आहे. रिव्हर्समध्ये एकदा आम्ही एका बाकाला इतक्या जवळ गेलो की बाकावरचे आजोबा उठून दुसरीकडे बसले. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांना सूर सापडला. वळणावर इंडिकेटर न देणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या काच खाली करून सुनवायला लागल्या तेव्हा मी ओळखलं की बाई तयार झाली.

एकदाच आमची पाचावर धारण बसली. शनिवारी बाबांनी गाडी सुरू केली, आणि बातम्यांच्या जागी रेडिओवर कोणीतरी बाई जोरजोरात प्रेमगीत गायला लागली. बाबांनी हळूच मान वळवली.

"पुसताना हात लागला असेल," मागच्या सीटवरून आई म्हणाल्या.

"आतून पण पुसतेस?"

"मग! अर्धवट काम मला जमत नाही."

दोन महिने असे गेले. सूत्र एकदाही चुकलं नाही. पाऊस असो, वारा असो, बाबा सात गुणिले अंतर अधिक सहाला फाटकात हजर. आम्ही इतक्या निर्धास्त झालो की ते किती वाजता आले हे ताडून बघणंही सोडलं.

मग एका रविवारी बाबा स्टुलावरून उठले, छाती फुगवली आणि म्हणाले, "आज एकवीस!"

आईंनी हातातली बशी खाली ठेवली. प्रकरण असं होतं, कारखान्याच्या निवृत्तांच्या मेळाव्यात कोणीतरी म्हणालं होतं की ज्येष्ठांची अर्धमॅरेथॉन आहे, भाग घेणार का कोणी? बाबांनी सगळ्यांदेखत फॉर्म भरला होता. शर्यतीला तीन आठवडे राहिले होते.

"स्टेडियमच्या बाजूने जातो," ते म्हणाले आणि गेले.

दार लागलं.

"एकवीस साते?" आईंनी विचारलं.

"एकशे सत्तेचाळीस. अधिक सहा. एकशे त्रेपन्न."

"अडीच तासांच्या वर!" आईंनी पदर खोचला. "ताईकडे जाऊन येऊ."

आता मी वर्गात दरवर्षी घसा फोडून सांगते, की आपले ठिपके जिथे संपतात तिथून पुढे रेघ वाढवली तर ती रेघ नसते, ती आशा असते. दहा किलोमीटरच्या पुढची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. पण मी मनाची समजूत घातली, चूक झालीच तर चांगल्याच बाजूने होणार. दमला माणूस तर उशिराच येईल ना?

सहा दहाला निघालो. आईंनी माझा मोठा काळा गॉगल लावला, डोक्याला स्कार्फ बांधला, कारण उन्हं अगदी समोरून येत होती. पूल ओलांडताना त्यांनी तीनदा आरशात पाहिलं. मावशींच्या, म्हणजे आईंच्या ताईच्या, दारात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, मग शांतपणे उतरून बेल दाबली.

मावशींनी दार उघडलं. आईंच्या बोटात चावी गरगर फिरत होती.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "तुला कोणी आणलं?"

"मी आणलं मला," आई म्हणाल्या.

चहा झाला, रडणं झालं, पुन्हा चहा झाला. मावशींना अंगणाभोवती एक चक्कर हवी होती, तीही झाली. सव्वासात झाले तेव्हा निघालो. हमरस्त्यावर ट्रक फार म्हणून येताना कालव्याकडेचा रस्ता धरला. तिथे सकाळी चिटपाखरू नसतं.

पण त्या दिवशी होतं. लांबवर मैलाच्या दगडावर एक माणूस बसला होता, एक बूट पायात, दुसरा हातात. गाडी बघून तो उठला आणि बुटासकट हात वर करून हलवायला लागला.

"लिफ्ट मागतोय वाटतं बिचारा," आई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "अगं... तो बूट ओळखीचा आहे."

"आई, गाडी पळवा."

"वेडी आहेस का? लंगडतायत ते!"

त्यांनी डावीकडचा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गिअर उतरवत गाडी अगदी त्यांच्या पुढ्यात उभी केली. एवढं सुरेख थांबणं दोन महिन्यांत त्यांना जमलं नव्हतं. मी ओढणीत तोंड लपवून खिडकीबाहेर बघायला लागले.

मागचं दार उघडलं आणि बाबा कण्हत आत बसले.

"फार उपकार झाले हो ताई. पोटरीत गोळा आला. दोन गाड्या गेल्या, कोणी थांबलं नाही. मला चौकापर्यंत सोडलंत तरी पुरे."

चष्मा नाही! माझ्या एकदम लक्षात आलं. चष्मा घरी, फ्रिजवर. त्यांना पुढच्या सीटवर दोन रंगीत ढग दिसत असणार. आईंच्याही ते लक्षात आलं. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि पहिला गिअर टाकला.

मला वाटलं होतं बाबा गप्प बसतील. पण अनोळखी माणसांपुढे ते भलतेच मोकळे झाले.

"गाडी छान ठेवलीय हो. आमच्याकडे अशीच आहे, पण तुमचं इंजिन जास्त मऊ चालतं."

"हं."

"आणि हातही काय सफाईदार आहे तुमचा! आमच्या मंडळींना कधी शिकवलं नाही मी. चूकच झाली म्हणायची. आज तिला येत असतं तर असा रस्त्यावर बसलो असतो का?"

गाडी किंचित हलली. मी ओढणी दातात धरली.

"तुम्ही परक्या, म्हणून सांगतो," बाबा पुढे झुकले, "आज पहिल्यांदाच खरा धावलो. स्टेडियमपाशी ओळखीचे भेटतात म्हणून इकडे वळलो. घरी सांगतो आठ, दहा. प्रत्यक्षात तीनच्या वर कधी गेलो नाही. रोपवाटिकेमागे एक बाक आहे, तिथे बसून राहतो आणि येताना तेवढा धावत येतो."

माझी मान आपोआप वळली. "पण वेळ कसा बरोबर यायचा?" मी ओढणीतूनच विचारलं.

"टाइमकीपर होतो हो मी!" त्यांचा आवाज उजळला. "पहिल्या दिवशी एक किलोमीटर मोजून धावलो, सात मिनिटं लागली. व्यायामाची सहा. मग काय, सांगितलेल्या आकड्याला सातने गुणायचं, सहा मिळवायचे आणि तेवढा वेळ झाला की उठायचं. घरात सून गणिताची बाई आहे. तिला संशय यायला नको."

दोन महिने मी ज्या रेघेवर जीव टाकला होता ती माझी नव्हतीच. शेवटच्या बाकावरची ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी तिला बसवलं होतं!

"पण खोटं कशाला बोलायचं?" हा प्रश्न आईंनी विचारला, अगदी हळू, गॉगल समोरच ठेवून.

बाबा मागे टेकले. "पहिल्या दिवशी फुशारकीत चार म्हणालो. बायकोने तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं, कौतुकाने. तेहतीस वर्षांत कारखान्यातलं माझं काही तिने कोणाला असं सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच. मग आकडा खाली कसा आणायचा?"

चौक आला. आई थांबल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या.

"अहो ताई, चौक गेला!"

"पोटरीत गोळा आलाय ना? मग दारात सोडते," आई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "आणि घरी गेल्यावर पाय गरम पाण्यात घाला, अहो."

तो "अहो" ओळखीचा होता. बाबांनी हात पुढे करून दोन सीटांमध्ये पडलेलं गाडी पुसायचं पिवळं फडकं चाचपलं. मग सीटची शिवण. मग माझं डोकं.

"सूनबाई?"

"हो बाबा."

आमची गल्ली आली. आई अरुंद फाटकातून गाडी आत घालायला लागल्या तेव्हा मागून आवाज आला, "डावीकडे वीतभर जागा आहे अजून. ये. ये. बस."

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. रागवायचं कोणी कोणावर, हेच ठरत नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं की आई नुसतं "बाक" म्हणायच्या, आणि आईंनी मान वर केली की बाबा म्हणायचे, "दात कसा आहे?" तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे वही मागितली. चष्मा लावून आलेख बारकाईने पाहिला.

"काम नीट केलंयस," ते म्हणाले. "पण हे सगळे ठिपके खोटे आहेत."

"आता माहितीय."

"मग खरे काढ."

दुसऱ्या दिवसापासून कालव्याकडेच्या रस्त्यावर आमची वरात निघायला लागली. पुढे बाबा, मागे दुसऱ्या गिअरमध्ये आई, शेजारी मी, हातात घड्याळ, नजर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यावर. एक किलोमीटरला साडेसात मिनिटं. दोनला सोळा. तीनला साडेचोवीस. चारला चौतीस. पाचला पंचेचाळीस, आणि त्यानंतर दहा मिनिटं गवतावर आडवे. या ठिपक्यांमधून रेघ काढताना प्रत्येक ठिपका थोडा इकडे नाहीतर तिकडे पडला. मजा म्हणजे ती रेघ खाली शून्याकडे नेली तर उत्तर वजा अडीच यायचं.

"म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही शून्य किलोमीटर धावायला निघालात, तर निघायच्या अडीच मिनिटं आधीच घरी परत."

ते इतके हसले की ठसका लागला. त्यांना असं हसताना मी पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"रेघेला टोकांना अक्कल कमी असते," मी म्हटलं. "मधल्या भागापुरतं तिचं ऐकायचं. दहा किलोमीटरला ती साडेनव्वद सांगते, पण तुमचे ठिपके शेवटी वर वळतायत. मी शंभराच्या आसपास धरते."

"आणि एकवीसला?"

"एकवीसला रुग्णवाहिका."

बाबांनी स्वतः जाऊन फॉर्म बदलून आणला. एकवीस खोडून दहा. निवृत्तांच्या मेळाव्यातल्या सगळ्यांना एकेक फोन करून सांगितलं; कोणी कारण विचारलं तर तेही खरं सांगितलं. दोन जण हसले. बाकीच्यांनी विचारलं, तो बाक नेमका कुठे आहे.

तोवर आईंची पक्क्या परवान्याची चाचणीही झाली होती. परीक्षकाने गाडी मागे घ्यायला लावली, आईंनी घेतली, आणि उतरताना त्यालाच सांगितलं की तुमच्या मैदानावरच्या खुणा पुसट झाल्यात, रंग मारा.

शर्यतीच्या दिवशी आम्ही शेवटच्या दोरीपाशी उभ्या होतो. तरुण गेले, मधले गेले, पाणी वाटणारे आवरायला लागले. आईंनी माझं मनगट आवळून धरलं होतं. मग वळणावर बाबा दिसले, तोंड लालबुंद, एक खांदा खाली, पण धावत. चालत नव्हते, धावत होते. आई एकदम ओरडल्या, "अहो, या! या! डावीकडे जागा आहे!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

अठ्ठ्याण्णव मिनिटं. त्यांच्यामागे फक्त तिघं होते.

बाबा पाणी प्यायले आणि श्वास घेऊन तडक आयोजकांच्या टेबलाकडे गेले. त्यांचं म्हणणं, तुमचं घड्याळ अकरा सेकंद आधी सुरू झालंय, शिट्टी नंतर वाजली. टेबलावरची मुलगी हसली, मग जुळवून बघितलं, मग हसायची थांबली. अकरा सेकंद खरंच चुकले होते. सगळ्यांच्या वेळा पुन्हा लिहाव्या लागल्या, आणि बाबा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेक वेळ दुरुस्त करून देऊ लागले. पहिल्या आलेल्या तरुणापासून शेवटच्या आजींपर्यंत.

"चला आता," आई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

शेवटी आले. पुढच्या सीटवर, आईंच्या शेजारी बसले. पट्टा लावला, कागदावरचा आपला आकडा एकदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चौक यायच्या आत घोरायला लागले.

आईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग इंडिकेटर दिला आणि घराकडे न वळता गाडी पुलाकडे घातली.